वायंगणातला धूप

पौष सरत आला की माझं नाक माझं ऐकेनासं होतं. मी पेडण्यात माझ्या ओसरीवर बसलेला असतो, हातात चहाचा पेला आणि पोदेराने सायकलवरून आणून दिलेला गरम पाव. समोर काजूला मोहोर आलेला असतो. आणि नाकात मात्र शिरतो तो डिचोलीकडचा, कारापूरचा चिखल. वायंगणाचा चिखल. थंडगार, शेवाळी, थोडासा लोखंडी, कारण खाणीवरच्या ट्रकांची तांबडी धूळ पाटाच्या पाण्यात उतरलेली असते. बायको म्हणते, तुम्हाला सर्दी झालीय. मी म्हणतो, होय. सर्दी म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पावसावर होतं ते सरद. पाऊस गेल्यावर नदीला बांध घालून, पाटाने पाळीपाळीने पाणी घेऊन हिवाळ्यात भात करतात ते वायंगण. सरद देवाचं, वायंगण माणसाचं. सरद बुडालं तर आभाळाकडे बोट दाखवता येतं. वायंगणात आभाळ धुतल्यासारखं निळं असतं, आणि बोट दाखवायला माणसंच उरतात. एके वर्षी ते बोट भलत्याच माणसाकडे वळलं. वळवलं मी.

गोवा घटक राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. राजभाषा कोकणी ठरली होती, जत्रेतली नाटकं अजून मराठीच होती, आणि भांडणं दोन्ही भाषांत मोकळेपणी चालायची. मी कारापूर भागात शेतीकडचा ग्रामसेवक होतो. एक स्कूटर, एक भिंग, एक भाड्याची खोली आणि तोंड, एवढं माझं सामान. त्यात तोंड सर्वांत वजनदार. वरून माझ्या माथी एक काम आलं, त्याचं नाव एकात्मिक कीड व्यवस्थापन. हे नाव मी पहिल्यांदा खळ्यावर जमलेल्या लोकांपुढे उच्चारलं तेव्हा मागे उकिडवा बसलेला दत्ताराम विडी काढून म्हणाला, "मास्तर, तुमचं हे नाव घेऊन होईपर्यंत कीड आमचं शेत खाऊन साखळीच्या बाजाराला पोचेल."

काम मात्र साधं होतं आणि खरंही होतं. पाठीवरचा औषधाचा पंप हा शेवटचा उपाय. आधी शेतात उतरून बघायचं. पक्ष्यांना बसायला फांद्या रोवायच्या. कोळी, चतुर, बेडूक यांना जगू द्यायचं, कारण ते आपले. हे सगळं छापील पत्रकात असं लिहिलं होतं की वाचणाऱ्याला झोप यावी. मी पत्रक स्कूटरच्या डिकीत टाकलं आणि आपल्या पद्धतीने सांगायला लागलो. कोळी म्हणजे फौजदार, रजा न घेणारा. चतुर म्हणजे पत्रादेवीच्या नाक्यावरचा शिपाई, येणाऱ्याजाणाऱ्याची झडती घेणारा. आमच्या पेडण्यात एका कोळ्याने एवढं मोठं जाळं विणलं की त्यात सावंतवाडीची बस अडकली आणि कंडक्टरने त्यालाही अर्धं तिकीट फाडलं. लोक हसायचे. हसता हसता कोळी ध्यानात राहायचा. थाप ही माझ्या लेखी खुंटी होती. तिला सत्य अडकवून ठेवायचं, म्हणजे लोकांना सापडतं. तेव्हा तरी असं वाटायचं.

सर्वांत मोठी खुंटी मी ठोकली ती माशीसाठी. भातात खोडकिडा पडतो. त्याचा पतंग पानावर अंडी घालतो, अळी निघून खोडात शिरते, आतून खाते, आणि लोंबी येते ती पांढरी, पोकळ. या अंड्यांवर एक माशी उपाय आहे. इतकी बारीक की सुईच्या टोकावर तिच्या लग्नाचा मांडव घालावा आणि तरी पंगतीला जागा उरावी. ती पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते. आतून बाहेर येते ती तिचीच पोर, अळी नव्हे. ही पोरं भरलेली अंडी प्रयोगशाळेत कार्डावर चिकटवून आमच्याकडे यायची. पोस्टकार्डाएवढं कार्ड, त्यावर काळी खसखस पसरल्यासारखी. कात्रीने पट्ट्या कापायच्या, भाताच्या पानाला खालून टाचायच्या, माशी आपण होऊन निघते.

"म्हणजे दुसऱ्याच्या घरात बाळंत व्हायला जाते?" दत्तारामने विचारलं.

"तीच."

"तशा आमच्या वाड्यावर आहेत, मास्तर. त्यांना कार्ड लागत नाय."

बायकांनी पदराआड हसून घेतलं. एकटी शेवंतीवयनी हसली नाही. वहिनीला आमच्याकडे वयनी म्हणतात. ती दत्तारामची चुलत वहिनी, पण तिला अख्खा वाडाच वयनी म्हणायचा. नवरा खाणीवर मशीन चालवायचा, शेत तिचंच. तिने विचारलं, "आणि औषध मारलं तर?"

"तर माशी मरेल, वयनी. कार्ड लावलं की महिनाभर पंपाला हात लावायचा नाही."

"महिनाभर?"

"महिनाभर."

मागच्या वायंगणात औषध मारल्यावर पाटातली बारीक मासळी पोटं वर करून तिच्या पायांपाशी तरंगत आली होती. ती म्हणायची, त्या पांढऱ्या पोटांतून चालताना मला घरातल्या घरात चोरी केल्यासारखं वाटलं. तिने मान डोलावली. नुसती स्वतःपुरती नाही. तिच्या शेतालगतच्या पाच शेजारणींना तिने तिथेच, खळ्यावर, तयार केलं. "मी लावते तर तुम्ही लावा. काय झालं तर मला विचारा." हे तिचे शब्द. वाड्यावर बाईचा शब्द म्हणजे काय, हे मला पेडण्यात जन्मून कळायला हवं होतं.

कार्डं आली ती बसने. ड्रायव्हरने खोका हातात दिला, त्यावर लिहिलं होतं की थंड जागी ठेवा आणि चार दिवसांच्या आत वापरा. थंड जागा आमच्या भागात एकच, कायतानच्या बारमधला फ्रीज. कायतानने बाटल्यांमध्ये जागा केली. "पात्रांव, ह्यात काय आसा?" मी म्हणालो, "पलटण." तो म्हणाला, "मग बरी. बिलाची वसुली करायला धाडूया."

दोन दिवसांत येतो म्हणून मी पेडण्याला गेलो. आमच्या देवळाच्या जत्रेत नाटक होतं आणि मी त्यात राजा होतो. कसला राजा, तर जन्मात खोटं न बोललेला. पात्रं वाटणाऱ्याला विनोदाची जाण असावी. तालमी लांबल्या, मुख्य नटीचा घसा बसला, जत्रेनंतर शेजारच्या गावाने पुन्हा बोलावलं, आणि मी राजाचा फेटा बांधून गावोगाव सत्य बोलत फिरलो. टाळ्या एवढ्या पडल्या की तेरेखोलच्या खाडीतले मासे पलीकडे महाराष्ट्रात पळाले. या तीन आठवड्यांत मला कार्डं आठवली नाहीत असं नाही. रोज आठवली. रोज मी स्वतःला सांगितलं की थंडीत ती झोपलेली असतात.

परत आलो तेव्हा कारापूरचा मळा गुडघाभर हिरवा झाला होता. पाटाच्या कडेने बगळे उभे, दव सुकलं नव्हतं, आणि प्रत्येक पातीवर ट्रकांची तांबडी भुकटी. बांधाबांधाने मी सांगितल्या तशा फांद्या रोवलेल्या होत्या, त्यावर कोतवाल पक्षी झुलत होते. इतकं देखणं शेत मी पाहिलं नव्हतं. पतंगही उडताना दिसले. पांढुरके, आळशी. त्यांचीच वेळ होती ती.

कायतानने खोका काढला तो वरच्या बर्फाच्या कप्प्यातून, बांगड्यांच्या शेजारून. "बियरीक जागा उरली नाय मरे," तो म्हणाला. "तुजे किडे बरे गार आसात." कार्ड पापडासारखं कडक झालं होतं. मी खोलीवर नेऊन भिंगाखाली धरलं. अंडी आत चेपलेली होती, सुरकुतलेली. एक पट्टी काचेच्या बाटलीत घालून खिडकीत ठेवली. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी काही नाही. मला कळलं. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. बाटली मी नुसती वेळ काढायला ठेवली होती.

कायतानला दोष देता येईल. माझ्यातल्या थापाड्याने तो लगेच देऊन पाहिला. पण खोक्यावर लिहिलेलं वाचता येत होतं ते मला.

नवी कार्डं मागवता आली असती. त्यासाठी वर कळवावं लागलं असतं की जुनी का मेली, आणि मग तीन आठवडे मी कुठे होतो, आणि मग रजेचा अर्ज कुठे आहे. लांबलेला वाटपाचा कार्यक्रम आता शुक्रवारी ठरला होता. मी ठरलेल्या वेळी खळ्यावर उभा राहिलो आणि मेलेली कार्डं वाटली.

नुसती वाटली असती तरी बरं होतं. वाड्यावर कुठल्याही कामाच्या आधी गाऱ्हाणं घालायची रीत आहे. जाणता माणूस देवाला हाक मारतो, मागणं मांडतो, आणि जमलेले प्रत्येक मागण्याला "व्हय महाराजा" म्हणतात. गाऱ्हाणं घालणारा म्हातारा त्या दिवशी तापाने पडला होता. लोक म्हणाले, मास्तर, तुम्ही नाटकातले, तुम्हीच घाला. आणि मी घातलं. नारळ हातात धरून, राजाचाच आवाज लावून. "बा देवा राखणदारा, आज ह्या मळ्यात ही तुझी पलटण सोडतो महाराजा."

"व्हय महाराजा."

"ती तुझ्या लेकरांच्या भाताची राखण करो, आणि आल्या किडीक आल्या वाटेन परत धाडो महाराजा."

"व्हय महाराजा."

दत्तारामसुद्धा म्हणाला. त्याने कार्ड घेतलं नाही, पण व्हय म्हणाला. मी नारळ फोडला. पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, तो गारवा मला आजही जाणवतो. समोर सहा बायका पदरात कार्डं घेऊन उभ्या होत्या, ओटी भरून घेतल्यासारख्या.

ऊन चढलं होतं म्हणून मी सांगितलं, उद्या सकाळी लावा. सकाळी गेलो तर शेवंतीवयनी बांधावर हजर. तिने सहाही जणींची कार्डं आपल्याकडे ठेवून घेतली होती, देवापाशी. प्रत्येकाच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावलेलं.

"राखणदाराची ना," ती म्हणाली. "सांजेला धूप दाखवला. चाललं ना मास्तर?"

तिच्या हाताला, केसांना, पदराला धुपाचा वास येत होता. त्या दवात तो वास किती स्वच्छ वाटत होता.

"बरं केलंत," मी म्हणालो.

आणि आम्ही सगळ्यांनी मिळून मेलेल्या माश्या भाताला टाचल्या. पान उलटं धरायचं, पट्टी ठेवायची, टाच. पान उलटं धरायचं, टाच. ती स्टेपलरची टकटक मला कुठल्याही कचेरीत ऐकू आली की मी उठून बाहेर जातो.

पुढे जे व्हायचं ते झालं. ठरलेली दुसरी खेप आली, जिवंत, पण तोवर अळ्या खोडात शिरलेल्या; आत शिरलेल्या अळीला ती माशी काही करू शकत नाही. मार्चमध्ये लोंब्या निसवल्या. कारापूरच्या पुलावरून स्कूटर आणली आणि खाली पाहिलं, तर पाटाच्या अलीकडच्या सहा शेतांवर पांढरी झाक होती, काशाच्या फुलांसारखी. कोणी परका पाहता तर फोटो काढता. पलीकडे दत्तारामचं शेत, पंपाने औषध मारलेलं, मळकट हिरवं आणि वाकलेलं.

वयनी शेतात उभी होती. तिने एक पांढरी लोंबी धरली आणि ओढली. ती अलगद हातात आली, बाळाचा दुधाचा दात यावा तशी. तिने ती चुरली. तुसांशिवाय काही निघालं नाही. तिने दुसरी ओढली, तिसरी ओढली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मास्तर, मी धूप दाखवला म्हणून तर नाय?"

मी सांगितलं तसं मला कोळ्याच्या जाळ्यात अडकलेली बस सुचते, मांडवात बसलेली माशी सुचते. त्या वेळी काही सुचलं नाही. तिनेच मला उत्तर आणून दिलं होतं, तिच्याच हाताने, धुपाटण्यासकट. मी फक्त घेतलं.

"धुरानं मरतात, वयनी."

तीन शब्द. आणि वाक्य खरं आहे, धुराने त्या मरतातच, कुठल्याही जाणकाराला विचारा. जन्मभर मी ढिगाने थापा मारल्या, त्यातली एकही कुणाला लागली नाही, कारण त्या थापा आहेत हे गावाला माहीत होतं. लागलं ते हे एकच खरं वाक्य.

ती पाच दारांवर गेली. प्रत्येक उंबऱ्यापाशी उभी राहून म्हणाली, चूक माझ्या हातची, मास्तरांची नाय. हे मला नंतर कायतानने सांगितलं, ग्लास पुसता पुसता, माझ्याकडे न बघता. दत्ताराम तिच्या दारात येऊन म्हणाला होता, "आमचा मळा किडीनं खाल्लो नाय, वयनीच्या भक्तीन खाल्लो." हे वाक्य वाड्याला आवडलं. पाण्याच्या पाळीवर, लग्नात, बारशाला ते म्हटलं जाऊ लागलं. पुढच्या वायंगणात अलीकडच्या पाच शेतांतही पंप आले. पाटात पुन्हा पांढरी पोटं तरंगली. मी ती पाहिली नाहीत. मी बदली मागून फोंड्याला गेलो होतो, तिथे कचेरीत खुर्ची होती आणि पंखा होता.

लोकांना पटवायला मी खोटं बोललो तेव्हा काही बिघडलं नव्हतं. मी एक खरी गोष्ट घेऊन आलो होतो, आणि ती मेली ती खोट्याने नव्हे, तर माझ्या गप्प बसण्याने. हे लिहायला सोपं आहे. तेही मी नाटकात म्हणावं तसं लिहितोय, हे मला दिसतंय.

या जानेवारीत साखळीला एका लग्नाला निघालो होतो. बस कारापूरच्या पुलावर आली आणि खाणीचे ट्रक कधीचे बंद झाल्यामुळे पाती पहिल्यांदाच अगदी हिरव्या दिसल्या. मळा आता पूर्वीएवढा उरलेला नाही, मधे मधे घरं उठली आहेत. पण पाटाच्या अलीकडे एका शेतात, बांधाबांधाने, फांद्या रोवलेल्या होत्या. त्यावर कोतवाल बसला होता. मी लग्नाची भेट काखेत घेऊन तिथेच उतरलो.

वयनी ओसरीवर होती. पार थकलेली, पण ओळखलं लगेच. "किडेमास्तर," म्हणाली आणि सुनेला हाक मारली. "गे, कदेल आण बसायला." सुनेने खुर्ची आणली, चहा आणला. मी आत बघत होतो. सांज होत होती, सुनेने देवापाशी दिवा लावला, हात जोडले, आणि परत फिरली. हिंदू घरात दिवेलागणीला जो वास हवा तो नव्हता. कोपऱ्याकोपऱ्यात मात्र जाळी होती. छपराला, जनेलच्या, म्हणजे खिडकीच्या, गजांना, देवघराच्या चौकटीलासुद्धा.

सुनेला वाटलं मी घाणीकडे बघतोय. तिने संकोचून सांगितलं, "आई झाडू देत नाहीत ती. फौजदार म्हणतात."

"आणि धूप?"

"तो तर मी लग्न होऊन आल्यापासून घरात नाय. बारीक जीव असतात म्हणतात, आपल्याला दिसत नाय ते मरतात."

वयनी ऐकत होती. "मी परत कधी पंप लावला नाय, मास्तर," ती म्हणाली, जणू माझाच धडा मला म्हणून दाखवत होती. "तुमचं खरं होतं. माझ्याच हातानं गेलं. म्हटलं, आता पुन्हा नको."

इथे माझ्यातला थापाड्या उठून बसला. म्हणाला, बघ, तिने स्वतःला दोष दिला म्हणूनच माशीवरचा विश्वास उडाला नाही तिचा. तुझ्या त्या तीन शब्दांनी एक शेत तरी वाचवलं. गोड बोलतो तो. मी त्याला उंबऱ्याबाहेर बसवलं आणि वयनीला सगळं सांगितलं. फ्रीज, बांगडे, फेटा, बाटलीतली पट्टी. एकही उपमा न वापरता. मला माझाच आवाज ओळखू येत नव्हता.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे ती आधीच मेलेली?"

"होय."

"मी कुंकू लावलं तेव्हा?"

"होय."

"आणि तुम्हाला ठाऊक होतं."

मी मान डोलावली. ती रडली नाही, रागावलीही नाही. सुनेला म्हणाली, "माझी काठी दे." मग मला, "चला. मी पाच दारांवर गेल्ले. दोघी वारल्या. तीन उरलीत, आणि दत्ताराम भावजी."

आम्ही गेलो. पहिल्या दारात मी सांगितलं, आणि म्हातारी हसायला लागली. "मास्तर, अजून सवय गेली नाय तुमची." दुसऱ्या दारात मुलं जमली, त्यांना ती बर्फातल्या पलटणीची गोष्ट फार आवडली, पुन्हा सांगा म्हणाली. जन्मभर पेरलं ते असं उगवलं होतं. दर वेळी वयनी काठीवर दोन्ही हात ठेवून थांबायची, हसू संपू द्यायची आणि म्हणायची, "हसू नका. ह्या खेपेस खरं सांगतात." मग शांतता व्हायची. त्या शांततेत उभं राहणं म्हणजे काय ते मी तीनदा शिकलो. तिने ते एकटीने, पाचदा केलं होतं, आणि तिच्या बाजूला सांगायला कुणी नव्हतं.

दत्ताराम बाकावर बसलेला होता, कानाने अधू. मला ओरडून सांगावं लागलं, म्हणजे अर्ध्या वाड्याने ऐकलं. त्याने डोळे मिचकावले. "थाप बरी आसा. पण ती बस अडकलेली होती ना जाळ्यात, ती जास्त बरी."

"भावजी," वयनी त्याच्या कानापाशी वाकून म्हणाली, "तुम्ही माझ्या दारात येऊन एक बोललेलं. ते परत घ्या."

त्याला आठवत होतं. चेहऱ्यावरून कळलं. तो माझ्याकडे बघत राहिला, मग तिच्याकडे, मग जमिनीकडे. विडी विझली होती ती त्याने कानावर ठेवली.

"घेतलं गे," तो म्हणाला. "घेतलं, वयनी."

परतताना अंधारून आलं होतं. पाटाचं पाणी वाहत होतं आणि त्यात काहीतरी बारीक चमकून पळालं. वयनी थांबून बघत राहिली. घरी पोचल्यावर सुनेला म्हणाली, "माळ्यावर धुपाटणं आसा, काढ." सुनेने ते पुसलं, चुलीतला निखारा घातला. वयनीने धुपाचा खडा हातात घेतला आणि थांबली. छपराच्या कोपऱ्याकडे बघितलं.

"आधी जनेल उघड," ती म्हणाली. "त्यांना जायचं तर जाऊ दे."

सुनेने जनेल उघडलं. आम्ही तिघं बाजूला सरून उभे राहिलो, फौजदारांची वाट मोकळी करून. मग तिने खडा टाकला. धूर वर गेला, जाळ्यांत अडकला, फिरला आणि बाहेर पडला. तिने डोळे मिटून तो छातीत घेतला. किती वर्षांनी, हे मला मोजता येतं. म्हणून मी मोजलं नाही. मला ती बसा म्हणाली नाही, पुन्हा या म्हणाली नाही. मी निघालो तेव्हा ती पाठमोरी होती, देवाकडे तोंड करून.

लग्न चुकलं. भेट अजून काखेत होती. पेडण्याच्या बसमध्ये शेजारी एक गृहस्थ बसले, त्यांनी माझ्या शर्टाला लागलेला धूप दोनदा हुंगला आणि आदराने माझ्याकडे वळून विचारलं, "काका, खंयच्या देवाक गेल्लात?"

मला एक देव, त्याचा इतिहास, त्याचा नवस आणि त्याच्या जत्रेत हरवलेला हत्ती, एवढं सगळं एका दमात रचता आलं असतं. तोंड उघडलंसुद्धा. मग मी शर्टाचं वरचं बटण लावलं, आणि पेडणे येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिलो.